गाठी मारलेलं देवधान

आसगावच्या पुढे, जंगलालगतच्या एका लहान गावाच्या तलावात देवधान उगवतं. ते कोणी पेरत नाही, कोणी नांगरत नाही. म्हणून ऋषिपंचमीच्या उपासाला बायकांना तेच चालतं. मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या घरातली धुरपता नवरा गेल्यापासून ते विकूनच तेल-मीठ भागवत आली. हे धान पिकलं की साध्या वाऱ्यानंही पाण्यात गळतं. म्हणून लोंब्या बाहेर पडल्या की ती कमरेइतक्या पाण्यात उतरायची आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी धानाच्या ताटांचे झुबके बांधून ठेवायची. गाठ दिसली की त्या झुबक्याला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हा गावचा कायदा. चोरसुद्धा तो पाळत.

यंदा श्रावणात विलायतेतल्या एका शाळेची पोरं आली. आधी जंगल तुडवायचं, तंबूत राहायचं, नावा वल्हवायच्या आणि शेवटी दोन दिवस गरिबांची सेवा करायची, असा त्यांचा बेत. सेवेला गरीब लागतात, ते पुरवायचं काम कुंदनचं. हा धुरपताच्या दिराचा मुलगा, नागपूरच्या एका सहल कंपनीत वाटाड्या. याला गावात सेवा सापडली ती तलावातलं गवत काढण्याची. याची आई जन्मभर ज्या धानावर उपास करत आली, ते याला गवत दिसलं.

धुरपता त्या दिवशी पवनीच्या बाजाराला गेली होती. परत आली तर तलावाच्या बांधावर, पाळीवर, अख्खं गाव जमलेलं. पोरं पाण्यात उभी राहून देवधान मुळासकट उपटत होती, आणि बांधलेले झुबके सगळ्यात आधी, कारण ते मुठीत छान येतात. पाळीवरच्या हिरव्या ढिगात तिच्या लुगड्याच्या चिंध्या लोंबत होत्या आणि गावकरी टाळ्या वाजवत होते. काय उपटलं जातंय हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? दुसऱ्याच्या ताटातलं वाढून अतिथीधर्म पाळायला काय जातं?

"कुंदन, थांबव त्याइले," धुरपता म्हणाली. "माह्यं धान हाय ते. गाठी दिसत नाही का तुले?"

"काकू, कायले तमाशा करून राहिली? पावणे हायेत. पुढच्या साली उगवतेच ना."

चिखलानं माखलेली, उन्हानं लालबुंद झालेली एक मुलगी जवळ आली आणि कुंदनला काहीतरी विचारू लागली. तिचा चेहरा खरोखर काळजीचा होता.

"तिले सांग, मी काय म्हणून राहिली ते," धुरपता म्हणाली.

कुंदन हसून इंग्रजीत बोलला. मुलीचे डोळे भरून आले. तिनं धुरपताला घट्ट मिठी मारली आणि मागून कोणीतरी फोटो काढला.

"काय सांगतलं तिले?"

"तलाव साफ झाला म्हणून काकूले आनंदानं रडू आलं, म्हणलो."

धुरपताला शिसारी आली. त्या पोरीचा तिला राग आला नाही, तिला बिचारीला कोणी सांगितलंच नव्हतं. पण टाळ्या वाजवणारी ती ओळखीची तोंडं पाहवेनात. कुंदनच्या पायाशी थुंकून ती घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी गावानं टिळे लावून, हार घालून पाहुण्यांना निरोप दिला. ढीग पाळीवरच राहिला. तो कुजला, त्याला घाण सुटली, माशा घोंगावू लागल्या. पण तो उचलणं कोणाच्याच सेवेत बसत नव्हतं.

ऋषिपंचमीच्या सकाळी धुरपताच्या दारात बायका आल्या, दरवर्षी येत तशाच. सगळ्यात पुढे कुंदनची आई शेवंताबाई, हातात कटोरा.

"धुरपता, पसाभर देवधान दे वो. नांगरलेलं आज चालत नाही."

धुरपता उंबऱ्यावरून उठली नाही. "पाळीवर पडलं हाय. टाळ्या वाजवल्या ना, तिथंच. जाऊन आण."

शेवंताबाईनं कटोरा पदराखाली घेतला. मागच्या बायकाही एकेक करून निघाल्या. धुरपताच्या घरातही देवधानाचा दाणा नव्हता. लग्न होऊन या गावात आल्यापासून पहिल्यांदाच तिनं ऋषिपंचमी नुसत्या पाण्यावर काढली.