सूडसरांची शोकांतिका

दारव्ह्याच्या आमच्या कॉलेजात दर गॅदरिंगला पाच मुडदे पडायचे. पाचही मराठीच्या सरांनी पाडलेले. नाटक त्यांनीच लिहिलेलं: काका राजाला मारून गादीवर बसतो, पुतण्या सूड घ्यायला निघतो आणि शेवटी स्टेजवर उभं राहायला कुणी उरत नाही. आम्ही त्यांना सूडसर म्हणायचो. सर यंदाच्या उन्हाळ्यात गेले, पण त्यांची आठवण निघाली की आम्हाला आधी हसूच येतं.

वर्गात शोकांतिका शिकवताना सर टेबलावर मूठ आपटत. "पोट्टेहो, सूड घेनारा आधी सोताच मरते, मंग दुसऱ्याले मारते!" आमच्या अंगावर काटा यायचा. तास संपला की तेच सर व्हरांड्यात मला विचारत, "काहून रे, तो बाप्या दिसला काय कुठं? खोकला वाढला म्हन्ते त्याचा. बरं झालं."

बाप्या म्हणजे सरांचे सख्खे धाकटे भाऊ, बापूकाका. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरचं, म्हणजे सामाईक बांधावरचं, बोरीचं झाड बापूकाकांनी न विचारता तोडलं आणि तेव्हापासून अकरा वर्षं अबोला. सरांनी सूड कसा उगवावा? नाटकातल्या दुष्ट काकाला त्यांनी बापूकाकांसारखा लाल मफलर बांधला, प्रत्येक वाक्याआधी त्यांच्यासारखं खोकायला लावलं आणि दरवर्षी मारलं. सारं दारव्हा पोट धरून हसायचं. बापूकाकाही पहिल्या रांगेत बसून आपलं मरण बघायचे. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटायचं.

मी पुतण्या झालो त्या वर्षी, ऐन प्रयोगाच्या दुपारी, काकाचं काम करणाऱ्या पोराचे गाल फुगले. गालगुंड! सर डोक्याला हात लावून बसले. तेवढ्यात मफलर सावरत बापूकाका थेट स्टेजवर चढले आणि मला म्हणाले, "सांग तुह्या सरले, मी करतो. मले सारं पाठ हाये. माहंच तं काम हाये हे."

आणि काय झकास केलं त्यांनी! खोकलासुद्धा अस्सल. शेवटी ते गुडघ्यांवर आले, मी लाकडी तलवार उगारली, आणि विंगेतून सर किंचाळले, "थांब! मारू नोको त्याले!"

मी थांबेपर्यंत तलवार मफलरला टेकली होती. बापूकाका कसलेल्या नटासारखे आडवे झाले. सर चष्मा सावरत धावत आत आले. समोर लोक मोबाइल उंचावून हसत सुटले होते. बापूकाका डोळे मिटूनच पुटपुटले, "दादा, मरू दे ना नीट. लोक पाहून राह्यले."

सर तिथंच मांडी घालून बसले. भावाचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडत रडत अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य बोलले, "बापू, लागलं तं नाही ना तुले?"