नामदेवनानांची वीतभर जीप

अपमान लोक रागाच्या भरात करतात. मी तो आठ दिवस राबून, भिंगातून बघत, तीन केसांच्या ब्रशनं केला! आता तुमच्यापासून काय लपवायचं?

आमच्या शेजारचे नामदेवनाना. लोहारा ते उमरगा जीप चालवण्यात त्यांची हयात गेली. मी बाहेरगावी शिकायला निघालो तोही त्यांच्याच जीपमधून. यंदा नजर अधू झाली आणि जीप विकावी लागली. दसरा तोंडावर आला तसे नाना गप्प झाले. सगळी गल्ली गाड्या पुजणार, मग आपण काय पुजायचं?

मी ठरवलं, नानांना त्यांची जीप परत द्यायची. वीतभर का होईना! मॉडेलचा किट मागवला, भाग जोडले, पांढराशुभ्र रंग दिला. इथंच थांबलो असतो तर? पण मी पडलो मोठमोठे विचार शिकून आलेला माणूस! मला कष्टाचं वास्तव दाखवायचं होतं. मग दारांना गंज चढवला, बॉनेटवर तेलाचे ओघळ काढले आणि मॉडेलवाल्यांची ती खास चिखलाची पूड टपापर्यंत फासली.

दसऱ्याच्या सकाळी जीप नानांच्या हातात ठेवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. चेहरा उजळला, आणि लगेच उतरला.

"ह्यो चिखल कशाचा?"

"कुरिअरनं मागवला, नाना. एक नंबर आहे!"

"चिखल इकत आणलास? लोहाऱ्यात मिळंना झाला व्हय?"

मी हसलो. नाना हसले नाहीत. "माझी गाडी तुला अशी दिसली व्हय रं?" ते हळूच म्हणाले.

इथं तरी गप्प बसावं की नाही? पण नाही! "नाना, या तुमच्या कष्टाच्या खुणा आहेत."

"कष्ट?" नानांनी आत हाक मारली, "अगं, बाहेर ये. तुझे कष्ट बघ ह्यानं कसे रंगवलेत!"

काकू आल्या. मग मला कळलं. जीप रोज पहाटे काकू धुवायच्या. आडातून पाणी शेंदून. इतक्या वर्षांत एकदाही मळकी गाडी दारातून हलली नव्हती. आणि मी मोठ्या आदरानं नेमकं तेवढंच पुसून टाकलं होतं!

काकू ओलं फडकं घेऊन खाली बसल्या. वार्निश मारून रंग पक्का करायचं राहिलं होतं, म्हणून वाचलो. गंज गेला, ओघळ गेले, पांढरा रंग वर आला.

"आता वळखू आली," नाना म्हणाले. जीप पाटावर बसली. हळद-कुंकू लागलं, झेंडूचं एक फूल ठेवलं तर अख्खं टप झाकलं गेलं. नानांनी हात जोडले ते बराच वेळ सोडले नाहीत.

मी न राहवून म्हटलं, "काकू, बायकांच्या अशा न दिसणाऱ्या श्रमांवर कुणीतरी लिहायला पाहिजे..."

काकूंनी माझ्या हातात बादली दिली. "लिही की. पर आधी तुझी ती फटफटी धू. सणाच्या दिशी आमच्या दारात तसलीच हुबी केलीस. आमची लेकरं अशी असत्यात व्हय?"

अर्धा तास घासल्यावर मला शोध लागला, माझी गाडी निळी आहे.