नॉर्बर्टला पाडायची तयारी

ओडील डेरूस जत्रेतल्या सायकल शर्यतीत उतरणार ही बातमी कत्तलखान्यात फुटली, तेव्हा तिथली माणसं सुऱ्या बाजूला ठेवून हसली. ओडील सत्तावीस वर्षांचा, हाडाने काटक, बोलायला मवाळ. सकाळी पाचपासून दुपारी दोनपर्यंत डुकरांच्या गळ्यात सुरी घालायचा, आणि घरी कोंबडी कापायची वेळ आली की बायकोला हाक मारायचा. फ्लँडर्समधल्या त्या पट्ट्यात सायकलवर न बसलेला माणूस सापडायचा नाही, पण शर्यत ही वेगळी गोष्ट होती. लोकेरहोव्ह गावच्या या शर्यतीत परवाना लागत नसे, पंच नावालाच असे, आणि दरवर्षी दोघा-तिघांना तरी झोळीत घालून आणावं लागे.

मुळात हे त्याच्या डोक्यातलं नव्हतंच. दोन वर्षांपूर्वी, बाहत्तर साली, त्याच शर्यतीत नॉर्बर्ट क्लाइसने ओडीलच्या मेहुण्याला, येरूमला, बेचकीच्या वळणावर कोपर मारून चरात घातलं होतं. चरात सिमेंटचा पाइप होता. येरूमचा गुडघा त्यावर आपटला तो कायमचाच ताठ झाला. नॉर्बर्ट बिअरच्या पिंपांचा ट्रक चालवायचा. मान वळूसारखी, चार वर्षं लागोपाठ जत्रेचा विजेता. त्या संध्याकाळी गुत्त्यात तो म्हणाला होता, "रस्ता सगळ्यांचा असतो. तसा चरही सगळ्यांचा."

हे वाक्य ओडीलची बायको झुल्मा विसरली, येरूमही विसरला. विसरला नाही तो त्यांचा मामा, रेमी. रेमी महायुद्धाच्या आधी शर्यती मारायचा. एका पडझडीत त्याचा जबडा वाकडा झाला होता, त्यामुळे पाव कॉफीत बुडवल्याशिवाय त्याला खाता येत नसे. जानेवारीतल्या एका रविवारी तो ओडीलच्या टेबलाशी येऊन बसला.

"जावईबापू, यंदा शर्यतीत उतरायचं."

"मी? मी कसला जिंकतोय, मामा!"

"जिंकायला कोण सांगतंय? तुम्ही नॉर्बर्टला पाडायचं. बाकी शर्यत गेली खड्ड्यात."

येरूम कोपऱ्यात पाय लांब करून बसला होता. "माझ्या नावाने कुणी काही करायचं नाही हां," तो म्हणाला. "मला माझी कबुतरं पुरेत."

"तुला विचारलंय कुणी?" रेमी गरजला.

ओडील नाही म्हणू शकला असता. पण येरूम खुर्चीवरून उठताना दोन्ही हातांनी पाय उचलून बाजूला ठेवायचा, ते त्याने त्या दिवशीही पाहिलं, आणि त्याच्या तोंडून हो निघून गेलं.

फेब्रुवारीत तयारी सुरू झाली. दुपारी दोनला ओडील कत्तलखान्याच्या फाटकातून बाहेर पडायचा, तेव्हा रेमी मोपेड चालू ठेवून उभा असायचा. हातात जुना लोखंडी पंप. समुद्राकडून गारांचा मारा, दोन्ही बाजूंना बीटाची काळी शेतं, मधे दगडी रस्ता. पहिले दोन आठवडे धडा एकच. ओडीलने हँडल धरायचं आणि रेमीने शेजारून मोपेड चालवत त्याच्या बोटांवर पंप हाणायचा.

"हात उचललास! हात उचलला तो पडला! परत!"

बोटं सुजून गाजरांसारखी झाली. कत्तलखान्यात सुरी धरता येईना, तेव्हा त्याने ती मुठीला फडक्याने बांधून घेतली. पण पंधराव्या दिवशी पंप बसला आणि हात हलला नाही.

पुढचा धडा खांद्याचा. कालव्याकाठच्या अरुंद वाटेवर रेमी मोपेड त्याच्या अंगावर घालायचा. त्यानंतर पडायचा धडा. रेमी मागून यायचा आणि बेसावध क्षणी मागच्या चाकावर लाथ घालायचा. "हात पुढे टाकू नकोस, मनगट जाईल! डोकं आत! खांद्यावर लोळ!" मार्चमध्ये ओडील अकरा वेळा पडला. मांडीची सालटं निघायची, त्यात खडी रुतायची. घरी झुल्मा त्याला ओणवा करून फरशी घासायच्या ब्रशने आणि साबणाने ती खडी काढायची, वर आयोडीन ओतायची. ओडील टॉवेल चावायचा. रेमी बाजूला कॉफीत पाव बुडवत बसलेला.

"मामा, तुम्ही याला मारून टाकणार आहात," एक दिवस ती म्हणाली.

"आत्ता मार खाल्ला तर तेव्हा जगेल."

झुल्माने चुलीवरचं उकडत्या बटाट्यांचं पातेलं उचललं आणि पाण्यासकट मामाच्या छातीवर फेकलं. रेमी बोंबलत अंगणात पळाला. दुसऱ्या दिवशी दोन वाजता तो फाटकाशी हजर होता, सदऱ्याखाली लोण्याने माखलेलं फडकं बांधून.

एप्रिलपासून ओडीलच्या अंगात काहीतरी वेगळं भरायला लागलं. घोड्याचं मटण खाऊन मांड्या भरल्या होत्या, हे तर होतंच. पण आता रेमीची मोपेड जवळ आली की तो वाट बघायचा नाही, आधी स्वतःच खांदा घालायचा. मे महिन्यात कत्तलखान्यात हात धुवायच्या रांगेत एका सोबत्याने त्याला मस्करीत ढकललं. ओडीलचं कोपर आपोआप मागे गेलं. तो माणूस घसरून दगडी हौदाच्या काठावर तोंडावर आपटला. दोन दात गेले, हौदाचं पाणी लाल झालं. ओडीलने त्याला उचललं, माफी मागितली. पण त्याला वाईट वाटायच्या आधी क्षणभर बरं वाटलं होतं, आणि हे त्याचं त्याला नीट ठाऊक होतं. झुल्माला त्याने फक्त दातांचं सांगितलं.

ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी, प्रार्थना आटोपून लोक चर्चबाहेर आले, तेव्हा चाळीस जण रेषेवर उभे होते. तळलेल्या बटाट्यांचा वास, बँडचा गोंगाट, कडक ऊन. सहा किलोमीटरच्या चौदा फेऱ्या. नॉर्बर्टने वळून पाहिलं.

"तू येरूमचा मेहुणा ना? खाटीक?"

"हो."

"मग तू पण डुकरासारखा किंचाळतोस का, ते बघू आज."

शिट्टी वाजली. पहिल्या फेरीतच घोळक्यात शिव्या, थुंक्या आणि कोपरं सुरू झाली. तिसऱ्या फेरीत एकाने दुसऱ्याची बनियन धरून मागे खेचली आणि दोघंही दूधडेअरीच्या विटांच्या भिंतीवर गेले. एकाचं कपाळ फुटलेलं ओडीलने जाताजाता पाहिलं. पाचव्या फेरीत नॉर्बर्ट शेजारी आला. त्याने सायकलच्या दांड्याचा पंप काढला आणि सरळ ओडीलच्या बोटांवर हाणला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. एक बोट मोडल्याचं ओडीलला कळलं. हात हलला नाही. नॉर्बर्टने पहिल्यांदाच त्याच्याकडे जरा नीट पाहिलं.

तेराव्या फेरीला आठ जण पुढे उरले होते. बेचकीचं वळण आलं. नॉर्बर्ट आतल्या बाजूने घुसला आणि नेहमीसारखं त्याचं कोपर बाहेर आलं. ओडील त्याचीच वाट पाहत होता. तो हँडलवर आडवा झाला, कोपराच्या खालून खांदा घातला आणि कमरेतला सगळा जोर लावून नॉर्बर्टला वर उचलल्यासारखं ढकललं. नॉर्बर्ट शेताच्या काटेरी तारेवर गेला. तारेचा लोखंडी खांब खण्णकन वाजला.

ओडील ओरडला. आनंदाने ओरडला, तोंडातून लाळ उडेपर्यंत. वीस-तीस हात पुढे गेल्यावर त्याने बगलेखालून मागे पाहिलं.

नॉर्बर्ट तारेखाली उताणा पडला होता आणि त्याच्या जांघेतून रक्त उडत होतं. वाहत नव्हतं, उडत होतं, थांबून-थांबून, लाल भडक. आजूबाजूचे लोक तोंड वासून उभे होते. एक बाई रुमाल पुढे करत होती. हे रक्त कसलं आणि ते किती वेळ पुरतं, हे त्या गर्दीत फक्त ओडीलला माहीत होतं. रोज दीडशे वेळा त्याने ते पाहिलेलं होतं.

त्याने ब्रेक दाबले, सायकल तिथेच टाकली आणि धावत मागे आला. गुडघ्यांवर बसला, जखमेत मूठ घातली, नस चाचपली आणि सगळं वजन टाकून ती हाडावर दाबून धरली.

नॉर्बर्टने डोळे उघडले, ओडीलचे केस पकडले आणि दुसऱ्या हाताने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. "सोड, खाटका!"

"हलू नकोस. हललास की मेलास."

दुसऱ्या ठोशाला ओडीलचं नाक मोडलं. त्याचे दोन्ही हात गुंतलेले, चुकवणार कसं? त्याचं रक्त नॉर्बर्टच्या छातीवर गळत राहिलं. नॉर्बर्टने अजून चार-पाच मारले. प्रत्येक ठोसा आधीच्यापेक्षा हलका. मग त्याचा हात गवतावर पडला आणि तो रडायला लागला.

तेवढ्यात रेमी मोपेडवरून पोचला. "उठ! अरे उठ! झालं आपलं काम, एकच फेरी राहिलीय! सहाच जण पुढे आहेत!" तो ओडीलची बनियन धरून खेचायला लागला. मूठ सरकली, रक्ताचा फवारा ओडीलच्या गळ्यावर आला. ओडीलने मूठ परत दाबली आणि मागे न बघता मामाच्या नडगीवर अशी लाथ घातली की म्हातारा मोपेडसकट चरात गेला.

रुग्णवाहिका यायला पंचवीस मिनिटं लागली. मधल्या वेळात मागे पडलेले स्पर्धक त्यांच्या बाजूने गेले, मग पुढचे सहा जण शेवटची फेरी मारत गेले, दूरवर बँड वाजला. नर्सला ओडीलची मूठ एकेक बोट करून सोडवावी लागली.

पोलिसाने वही काढली. "अपघात ना?"

"नाही. मी पाडलं."

पोलिसाने त्याच्या नाकाकडे पाहिलं, वही मिटली. "घरी जा, बाबा."

शर्यतीच्या समितीने एकाच बैठकीत दोन ठराव केले. ओडील डेरूसला या शर्यतीत कायमची बंदी, आणि एका माणसाचा जीव वाचवल्याबद्दल त्याच ओडीलला डुकराच्या मांडीचं एक अख्खं हॅम. ते त्याच्याच कत्तलखान्यातून आलेलं होतं.

शर्यतीच्या दिवशी संध्याकाळी झुल्माने त्याच्या नखांतलं रक्त काढायला घेतलं.

"मुद्दाम पाडलंस?"

"मुद्दाम."

"मामा सांगत होता म्हणून?"

"सुरुवातीला," तो म्हणाला. "नंतर मला आवडायला लागलं होतं."

तिने ब्रश ठेवला आणि येरूमकडे राहायला गेली. नवव्या दिवशी परत आली. येरूमनेच तिला परत पाठवलं, असं नंतर कळलं.

नॉर्बर्ट जगला. पाय थोडा ओढत चालायला लागला, पण ट्रक चालवणं सोडलं नाही. गुत्त्यात कुणी विषय काढला की म्हणायचा, "त्याच्यात दम असता तर शर्यत पुरी केली असती." ओडीलने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि आपल्या बिअरचा घोट घेतला. रेमी मामा मात्र दोन वर्षं त्याच्याशी बोलला नाही.

पुढच्या वसंतात ओडीलने परवाना काढला आणि दुसऱ्या गावांतल्या शर्यतीत उतरू लागला. अकरा वर्षं तो शर्यती मारत होता. वळणांवर बाहेरून जायचा, कुणी अंगावर आलं की वाट द्यायचा. लोक म्हणायचे, पाय चांगले आहेत पण माणसात आग नाही. त्याचा सर्वांत वरचा क्रमांक नववा. तो आला त्या दिवशी झुल्मा पहिल्यांदाच शर्यत बघायला आली होती, कागदाच्या पुडीतले तळलेले बटाटे खात.

"कितवा?" तिने विचारलं.

"नववा."

"बरं. चल, सशाचं मटण करून ठेवलंय."