तीन मोकळ्या खेळाडूंची यादी

गेल्या हंगामात आमची राजूरची फुटबॉल टीम ओळीने सहा सामने हरली आणि ते सहाही मी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून पाहिले. माझे वडील राजूरच्या खाणीत टाइमकीपर होते. मुलगी म्हणून त्यांनी मला कधी घरी ठेवलं नाही, प्रत्येक मॅचला सोबत न्यायचे. आता मी वणीच्या एका सरकारी कार्यालयात कारकून आहे, पन्नाशी ओलांडली आहे, पण संध्याकाळचं मैदान सुटलेलं नाही. कोण खेळलं, गोल कुणी केला, कुणाच्या चुकीने झाला, हे सगळं मी एका वहीत लिहून ठेवते. टीममधल्या पोरांना ती वही आवडत नाही, हे मला माहीत आहे.

त्या सहा सामन्यांत आमच्यावर झालेले निम्म्याहून जास्त गोल उंच चेंडूवर झाले होते. आमचा गोलकीपर खाणीत डंपर चालवतो. चाळिशीला आलेला, अंगाने भक्कम, चौदा वर्षं आमच्या गोलमध्ये उभा राहिलेला. पण हल्ली कॉर्नर आला की तो पुढे निघायचा, मग थांबायचा, आणि तेवढ्यात चेंडू जाळीत. गुडघा दुखतो हे त्याने कधी कबूल केलं नाही. मी वहीत 'कीपर उशिरा निघाला' असं सहा वेळा लिहिलं.

आमच्याकडे दिवाळीनंतर मोठी स्पर्धा असते. त्याआधी प्रत्येक टीम आपल्या खेळाडूंची नावं देते. ज्याचं नाव कुणाच्याच कागदावर नाही त्याला मोकळा म्हणतात, आणि मोकळा खेळाडू जो आधी विचारेल त्याचा. पोळा झाल्यावर मी अशा मोकळ्या खेळाडूंची यादी करायला बसले. नावं तीनच निघाली. पहिला महागावचा, उजव्या बाजूने पळणारा. तो सोयाबीनच्या गाड्या बाजारात नेतो आणि त्याची जुनी टीम मोडली होती. दुसरा बचावातला, उंचपुरा, कोचशी भांडून बाहेर पडलेला. तिसरा बाभुळगावचा गोलकीपर, बावीस वर्षांचा, कॉलेज संपल्यावर घरच्या कपाशीत अडकलेला. त्याच्या नावापुढे मी दोन रेघा ओढल्या.

यादी कोचच्या हातात दिली. आमचे कोच खाणीतून निवृत्त झालेले इलेक्ट्रिशियन आहेत, बोलणं कमी. त्यांनी ती वाचली, घडी घालून बॅगेत ठेवली आणि बोलणी करतो म्हणाले. कुणाला सांगू नका, एवढं मी बजावलं.

आठवड्याभरात महागावचा खेळाडू यवतमाळच्या टीमने घेतला. मी म्हटलं, असतं एखाद्याचं नशीब. त्यानंतर दहा दिवसांत तो बचावातला गडीही त्याच टीमने उचलला. आता मात्र मला नशीब पटेना. माझ्या यादीतले दोघे, लिहिलेल्या क्रमाने, एकाच टीमकडे कसे गेले?

पहिला संशय मी कोचवर घेतला, कारण त्यांचे जावई यवतमाळला असतात. दोन दिवस मी त्यांच्याशी तुटक बोलले. मग सहज विचारल्यासारखं करून त्यांना यादी कुठे ठेवली ते विचारलं. ते म्हणाले, किटच्या बॅगेत. आणि बॅग? ती नेहमीप्रमाणे गोलकीपरच्या घरी. हे ऐकलं आणि मला सगळं लख्ख दिसल्यासारखं झालं. त्याच्या जागेवर दुसरा आणायचं त्या कागदावर लिहिलेलं होतं. यादी फोडण्याचं कारण त्याच्याइतकं कुणालाच नव्हतं.

तेव्हापासून मी त्याच्यावर डोळा ठेवला. सरावाला तो आधी सगळ्यांशी थट्टा करायचा, आता गप्प असायचा. फोन आला की गोलपोस्टमागे जाऊन बोलायचा. रविवारी मैदानावर येईनासा झाला. किराणा दुकानात त्याची बायको भेटली तेव्हा मी विचारलं, तर ती म्हणाली गावाकडे गेलेत. त्याचं गाव यवतमाळच्या उलट दिशेला, आणि मी त्याला त्याच सकाळी यवतमाळच्या बसमध्ये चढताना पाहिलं होतं. मी वहीत तारीख टाकून लिहून ठेवलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याला फुटबॉलचं काही नाही, पण माझा स्वभाव ठाऊक आहे. तो म्हणाला, "तू ऑफिसात फायली तपासते तशी आता माणसं तपासून राह्यली."

मी म्हटलं, फाइलमध्ये खोटं असलं की मला दिसतं, तसं इथेही दिसतंय. तो पेपर वाचत राहिला.

यादीतला तिसरा तरी हातचा जाऊ नये म्हणून मी एका रविवारी स्वतःच बाभुळगावला निघाले. वणीहून यवतमाळ, तिथे बस बदलून पुढे. त्या मुलाचं घर विचारत गेले तर कळलं, तो शाळेमागच्या मैदानावर आहे. कुंपणाला लागून बाभळी होत्या. तिथूनच मला दिसलं. आमचा गोलकीपर गोलसमोरच्या डीच्या रेघेवर उभा राहून चेंडू उंच मारत होता आणि तो तरुण उड्या मारून पकडत होता. मध्येच दोघे जवळ आले. आमचा त्याच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ काहीतरी सांगत होता. तो मान हलवत होता.

मी पुढे गेले नाही. जाऊन विचारायला हवं होतं, हे आज कळतं. तेव्हा वाटलं, जे पाहायचं ते पाहिलं. हा यवतमाळवाल्यांचा माणूस झाला आणि आता तिसराही त्यांच्याकडे नेऊन घालतोय. परतीच्या बसमध्ये मी कोचला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत आले.

दुसऱ्या दिवशी सरावाआधी कोचला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते त्याला बाजूला घेतील. त्यांनी सगळ्या टीमसमोर विचारलं.

"तू बाभुळगावले गेलता का?"

"हो, गेलतो."

"कायले?"

 गोलकीपरने कोचकडे पाहिलं, मग खुर्चीवर बसलेल्या माझ्याकडे. माझ्या मांडीवर वही उघडी होती. त्याने हातमोजे काढले, बॅगेवर ठेवले, आणि सायकल घेऊन खाणीच्या क्वार्टर्सच्या रस्त्याने निघून गेला. कुणी त्याला हाक मारली नाही. मीही नाही. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी समाधान वाटलं. आपण बरोबर होतो, याचं समाधान.

नावं देण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी एक तरुण खांद्यावर बॅग अडकवून मैदानावर आला. मी त्याला लगेच ओळखलं. त्याने कोचना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "काका कुठी आहेत?"

कोणते काका, कोचनी विचारलं. त्याने आमच्या गोलकीपरचं नाव घेतलं. मग आपणहून सांगत गेला. काका गेले पाच रविवार येत होते. उंच चेंडूला कधी निघायचं आणि कधी रेघेवरच थांबायचं, हे त्यांनी शिकवलं. यवतमाळची माणसंही घरी येऊन गेली होती, पण काकांनी वडिलांशी बोलून ठेवलं होतं, राजूरच्या टीमकडूनच खेळायचं. कपाशी वेचायच्या दिवसांत वडील सोडत नव्हते, तेही काकांनीच पटवलं.

कोच माझ्याकडे वळले.  मी वही पर्समध्ये घातली.

संध्याकाळी मी गोलकीपरच्या क्वार्टरवर गेले. तो अंगणात बसून दुपारच्या पाळीतल्या मित्राचा रेनकोट शिवत होता. त्याच्या बायकोने मला खुर्ची दिली, पण नजर दिली नाही. मी चुकले, असं म्हणायचं ठरवून गेले होते. तोंडातून आधी प्रश्नच निघाला, की यादी पाहिली होती का.

"पाह्यली," तो म्हणाला. "बॅग माह्याच घरी राह्यते."

मग त्याने सुईवरून डोळे न उचलता सगळं सांगितलं. यादी वाचून तो पेटला होता. पहिल्याच रविवारी तो यवतमाळला गेला आणि तिथल्या कोचना म्हणाला, मला घ्या. त्यांनी त्याचं वय विचारलं आणि हसले. तिथून परत यायच्या ऐवजी तो बाभुळगावच्या बसमध्ये बसला.

"माह्या जागी कोन येऊन राह्यला ते पाहाले गेलतो. वाटलं, चांगला नसन त बरं. पन पोरगा चांगला हाय. हात चांगले हायेत. फक्त माह्यासारखाच उशिरा निघते." त्याने दोरा ओढून घेतला. "मंग जात राह्यलो."

म्हणजे माझा संशय अगदीच हवेतला नव्हता. तो गेला होता यवतमाळच्या टीमकडे. हे ऐकून मला आतून थोडं बरं वाटलं, हेही लिहायला हवं. मी लगेच विचारलं, मग बाकीची दोन नावं तिकडे कुणी दिली?

त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "तुमी रेफरीले फोन केलता ना, मॅडम? महागाववाल्याचा नंबर मांगाले? तो यवतमाळात चहा पेता पेता सांगून राह्यलता, राजूरच्या मॅडम प्लेअर शोधून राह्यल्या म्हनून. मी तिथंच होतो. मीच ऐकलं."

मी फोन केला होता. दोन्ही खेळाडूंसाठी, दोन वेळा. ज्या माणसाची शिट्टी जिल्ह्यातल्या प्रत्येक टीमसाठी वाजते त्याला मी नंबर विचारले होते, आणि यादी कुणी फोडली हे शोधताना माझं स्वतःचं नाव माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. बाभुळगाववाल्याचं घर मला ठाऊक होतं म्हणून त्याच्यासाठी फोन केला नाही, इतकंच.

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?" मी म्हटलं. "कोचनी विचारलं तेव्हा तरी?"

"तुमी मले इचारलं असतं त सांगतलं असतं."

मी माफी मागितली. तो बरं म्हणाला. बायकोने चहा आणला, मी तो संपवला आणि उठले. फाटकाशी पोचल्यावर माझ्या लक्षात आलं, इतकी वर्षं तो मला ताई म्हणायचा.

स्पर्धेत आम्ही पहिला सामना जिंकलो, दुसरा पेनल्टीवर काढला आणि तिसऱ्यात यवतमाळकडूनच हरलो. गोल महागाववाल्याने केला. बाभुळगावचा पोरगा मात्र तिन्ही सामन्यांत उंच चेंडूवर एकदाही चुकला नाही. आमचा जुना कीपर प्रत्येक मॅचला आला, पण आमच्या बाजूला नाही बसला. त्या तरुणाच्या गोलमागे, चुन्याच्या रेघेपासून लांब, एकटा उभा राहायचा, आणि कॉर्नर आला की हाताने खूण करायचा.

यंदा कोचनी त्याला कीपर तयार करायचं काम दिलं आहे. तो येतो, काम करतो, जातो. माझ्या खुर्चीजवळून जाताना मान लववतो. परवा तो फोनवर बोलत गोलपोस्टमागे गेला, आणि कुणाचा फोन असेल, हा विचार माझ्या मनात आलाच. मी खुर्ची उचलून, गोलपोस्टमागचं दिसणार नाही अशा जागी नेली.