काठोकाठ भरलेलं कार्ट्रिज

प्रिंटरची कार्ट्रिजं भरून द्यायचं आणि जोडीला छपाईचं त्याचं दुकान होतं, घर दुकानाच्याच मागे. दुकानावर त्यानं मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, ‘इथं शाई काठोकाठ भरून मिळेल’. त्या पाटीवरून लोकांनी त्याचं नावच काठोकाठ पाडलं, आणि या गृहस्थाला वाटलं की आपला गौरव झाला. काही माणसांना टोमणा आणि मानपत्र यातला फरक कळतच नाही, त्याला कोण काय करणार!

काठोकाठला रिकामी जागा म्हणून बघवत नसे. चहाचा कप असा भरायचा की पाहुण्यानं उचलताना तो बशीत सांडलाच पाहिजे. बोलायला बसला की समोरच्याला तोंड उघडायला फट ठेवायचा नाही. लेक सहलीला निघाली तेव्हा तिची बॅग त्यानं इतकी कोंबली की दारातच चेन तुटली, आणि वर म्हणाला, “हल्लीच्या चेनीच फुसक्या.” त्याची स्वतःची चूक अशी आयुष्यात कधी झालीच नव्हती.

आता कार्ट्रिज म्हणजे काही तेलाचा डबा नव्हे. त्याच्या पोटात स्पंज असतो. तो शाईला आत ओढून धरतो, आणि ती ओढ असते म्हणूनच तळाच्या, केसाहून बारीक असलेल्या भोकांतून शाई आपली आपण गळत नाही. प्रिंटर मागेल तेवढीच बाहेर पडते. स्पंज तुडुंब भरला की ओढ संपली. म्हणून या धंद्यातली शहाणी माणसं भरलेलं कार्ट्रिज टिपकागदावर तोंड खाली करून ठेवतात, तोवर चहा घेतात, आणि डाग पसरत असला तर सुईनं थोडी शाई परत काढून घेतात. डाग वाढायचा थांबला की मगच ते गिऱ्हाइकाच्या हातात देतात. काठोकाठच्या लेखी ही चक्क चोरी होती. “दिलेलं परत घ्यायचं? आपल्यात नाही बाबा तसलं,” असं तो छाती फुगवून सांगायचा. दुसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाईक काळीनिळी बोटं घेऊन दारात उभं राहिलं, की म्हणायचा, “प्रिंटर बदला आता. म्हातारा झाला तुमचा.”

रस्त्यापलीकडे, अगदी समोर, एका बाईंचं असंच दुकान होतं. त्या कार्ट्रिज भरताना थोडी जागा ठेवत आणि टिपकागदाचं सगळं साग्रसंगीत करत, म्हणून हा त्यांना अर्धीबाई म्हणायचा. “मापात मारते ती,” असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. बाईंच्या दुकानात गर्दी का असते, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. लोकांना अक्कल नसते, एवढ्यावर त्याचं भागायचं.

आणि गंमत अशी, की त्या गर्दीत त्याची स्वतःची बायको आणि लेकही असायच्या. मागच्या गल्लीनं लांबचा वळसा घालून बाईंच्या मागच्या दारानं शिरायचं, छापून घ्यायचं आणि पिशवीच्या तळाशी लपवून त्याच गल्लीनं परत यायचं. या महाशयांचा मान राखायला दोन धडधाकट बायका चोरासारख्या हिंडत होत्या. आणि हा आपला समजत होता की घरात आपला वचक आहे.

लेक इमारतींचे आणि पुलांचे आराखडे काढायला शिकत होती. शेवटचं वर्ष होतं. नदीवरून पायी जाण्यासाठी एक पूल तिनं संगणकावर उभा केला होता, वर्षभर डोळे फोडून. दुपारी तो कॉलेजच्या भिंतीवर लागायला हवा होता. नाही लागला तर वर्ष गेलं, इतकं ते सरळ होतं. सकाळी ती जाड कोऱ्या कागदांची गुंडाळी काखेत मारून मागच्या दारानं निघाली आणि नेमकी बापाच्या तावडीत सापडली.

“कुठं निघालीस?”

“छापायला, बाबा.”

“घरचं दुकान असताना? माझ्या लेकीचं काम परक्यानं छापायचं? लोक काय म्हणतील मला?”

“अहो, जाऊ द्या तिला. आधीच वेळ कमी आहे,” बायको मध्ये पडली.

“तू गप्प बस. यातलं तुला काय कळतं?”

पोरगी मऊ. बापाचा चेहरा पडलेला तिला बघवेना, आणि ती थांबली. वर्षभर एकही रेघ न चुकवलेल्या मुलीनं ही चूक केली.

काठोकाठला हुरूप आला. त्यानं एक रिकामं कार्ट्रिज घेतलं, सुई टोचली आणि शाई वर येऊन चमकेपर्यंत भरत राहिला. “खास तुझ्यासाठी दोन थेंब जास्त,” म्हणाला. टिपकागदाचं नाव काढायची सोय नव्हती. पहिला कागद निघाला. पुलाचे कठडे सुरेख आले, आणि खालच्या नदीत पावलाएवढा काळा डाग पसरला.

“गळतंय, बाबा. थोडी काढून घ्या ना.”

“काढायची कशाला? गळतंय तर बंद करू.” असं म्हणून त्या पठ्ठ्यानं कार्ट्रिजच्या वरच्या बाजूचं बारीक भोक चिकटपट्टीनं गच्च बुजवलं. आता शाई खर्च होईल तशी हवा आत यावी म्हणूनच ते भोक असतं. हवा नाही तर शाई बाहेर पडणार कुठून? पण हे याला कोण सांगणार, आणि सांगितलं तर हा ऐकणार थोडाच!

दुसरा कागद निघाला. डाग नव्हता, हे खरं. अलीकडचा काठ झकास आला, पहिली कमान आली, दुसरी फिकी आली, आणि पूल नदीच्या मधोमध संपला. पलीकडे नुसता पांढरा कागद.

“कागदच भिकार आणलास तू,” काठोकाठ म्हणाला. “आण, तिसरा घालू.”

तिनं त्याच्या हातातून उरलेले कागद काढून घेतले. रडली नाही, भांडलीही नाही. पुढच्या दारानं बाहेर पडली आणि सगळ्या रस्त्यादेखत सरळ अर्धीबाईंच्या दुकानात शिरली. काठोकाठ दारात उभा राहून बघत राहिला.

वाटेल की एवढ्यावर शहाणा होईल. छे! दुपारी नवा शर्ट घालून तो कॉलेजात हजर. पूल भिंतीवर लागला होता, या काठापासून त्या काठापर्यंत अखंड. परीक्षक बाई वाकून बघत होत्या. “रेघा किती स्वच्छ आल्यात,” त्या म्हणाल्या. “कुठं छापलंत?”

लेकीनं तोंड उघडायच्या आत काठोकाठनं खिशातून कार्ड काढून पुढं केलं. “आपलंच दुकान आहे, मॅडम. मी वडील.”

लेक लाल झाली. मग शांतपणे म्हणाली, “हे माझे बाबा. पण छापलंय आमच्या समोरच्या दुकानातल्या बाईंनी. पहिल्या वर्षापासून माझं सगळं काम त्याच छापतात.” आणि बापाकडे वळून हळूच म्हणाली, “मी आणि आई मागच्या गल्लीनं जायचो, बाबा. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.”

परीक्षक बाईंनी कार्ड परत दिलं. त्यांच्या बोटाला शाई लागली होती.

घरी आल्यावर त्यानं आदळआपट केली, जेवला नाही, पोरीनं चारचौघांत बापाचा पाणउतारा केला म्हणून बायकोपुढे कांगावा केला. “खोटं काय बोलली ती?” बायको म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

पाटी अजून तशीच आहे. कार्ट्रिजं काठोकाठच भरली जातात आणि अजूनही गळतात. फरक एवढाच पडला, की आता मायलेकी पुढच्या दारानं निघतात, भर रस्ता ओलांडून अर्धीबाईंकडे जातात, आणि छापलेले कागद हातात उघडे घेऊन त्याच्या काचेसमोरून परत येतात. गिऱ्हाइकं बघतात. शेजारीपाजारी बघतात. काही दिवस त्यानं सोसलं. मग एका सकाळी बायको चपला घालत असताना तो जवळ आला. इकडंतिकडं बघून, जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाला, “जायचं तर जा. पण निदान मागच्या गल्लीनं तरी जात जा.”

बायकोनं दुसरी चप्पल पायात सरकवली.

“लांब पडतं हो ते,” ती म्हणाली आणि पुढच्या दारानं निघून गेली.