हाताचा वास

त्याला सगळे चकाचक म्हणत. मोटारी दुरुस्त करणारा माणूस, पण गॅरेजच्या फरशीवर तेलाचा डाग शोधून सापडायचा नाही. पाने भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने टांगलेले. पलीकडच्या घरात थोरली बहीण खानावळ चालवायची. ती म्हणायची, "याचं लग्न फडक्याशीच लावायला हवं होतं. सुखी झाला असता."

गाडीतून काढलेलं काळं तेल जातं कुठे, हे मात्र कुणी विचारलं नाही. मागच्या कोपऱ्यात एक जुनी, आटलेली बोअर होती. झाकण काढायचं, डबा उपडा करायचा, झाकण लावायचं, वरून फडकं मारायचं. जमीन पिऊन टाकते, असं त्याचं मत. शिकलेल्या लोकांनाही असंच वाटतं, मग त्याला एकट्याला बोल का लावायचा? लावायचाच. डोकं त्यालाही होतं.

दुपारचा चहा ताई भिंतीवरून द्यायची. एकदा तो म्हणाला, "ताई, चहाला गॅरेजचा वास येतोय."

"तुझ्या हाताचा असेल. साबण नीट लाव."

त्याने हात धुतले, पुन्हा धुतले, साबण बदलला. वास जाईना. शेवटी सवय झाली.

खानावळीतल्या लोकांना मात्र सवय होईना. "मावशी, भात रॉकेलमध्ये शिजवता का?" असं एकाने तोंडावर विचारलं आणि तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही. मग इतरही गळायला लागले. ताईने दुकानदाराला झाडलं, भांडी घासणारीला रडवलं, शेगडी बदलली. "कुठेतरी पाणी मुरतंय," ती म्हणायची. तिचा संशय कोपऱ्यावरच्या नव्या हॉटेलवाल्यावर होता.

अशात तिच्या बोअरचा पंप बंद पडला. पंपवाला आला. मदतीला चकाचकही भिंत ओलांडून गेला. दोघांनी पाइप वर ओढायला घेतला. सुरुवातीचे तुकडे ठीक होते. मग हात निसटायला लागले.

"पंपाचं तेल गळलं असेल," चकाचक म्हणाला.

"या पंपात तेल नसतंच हो. आत पाणी भरतात," पंपवाला म्हणाला.

चकाचकने पाइपवरचा काळा थर अंगठ्याने चोळला. नाकाने नाही, बोटांनी ओळखलं. जळकं इंजिन ऑइल, त्यात धातूची बारीक कचकच. ही कचकच त्याने जन्मभर चिमटीत धरून बघितली होती. पाइप तसाच धरून तो उभा राहिला. मान भिंतीकडे वळली. भिंतीपलीकडे, चार पावलांवर, ते झाकण.

"काय रे, भूत बघितलंस का?" ताईने दारातून विचारलं.

"ताई, हे माझं आहे."

"काय तुझं?"

"तेल. मी मागच्या बोअरमध्ये ओततो. गॅरेज घेतल्यापासून."

ताई हसली. हा थट्टा करतोय असं तिला वाटलं. मग तिने त्याचा चेहरा बघितला. आत जाऊन तिने शेगडी बंद केली, भाताचं पातेलं मोरीत उपडं केलं. कोपऱ्यात नातीची शाळेची बाटली भरून ठेवली होती. तिने ती उचलली, उन्हात धरली. पाणी नितळ होतं. बाटली तिच्या हातातून सुटली.

"तुझ्या हाताचाच वास होता की रे," ती हळू आवाजात म्हणाली. "मी म्हटलंच होतं."

"उद्याच ती बोअर बुजवून टाकतो. खडी, सिमेंट, सगळं. ताई, गल्लीत बोलू नकोस. गॅरेज बसेल माझं."

"माझी खानावळ बसली तेव्हा तू चहा पीत होतास." तिने त्याला मनगटाला धरून दारापर्यंत आणलं. "बुजवायचं नंतर बघू. गल्लीत घरोघरी बोअर आहे. आत्ता जा. एकेका दारात तू सांगायचं, मी नाही."

पहिलं घर पेन्शनीतल्या मास्तरांचं. त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि रीतसर पाण्याचा पेला पुढे केला. वाटभर जुळवलेली वाक्यं विसरून त्याने तो बाजूला सारला. मास्तरांनी स्वतःसाठीही पेला भरला होता, तो ओठांपर्यंत गेला. चकाचकने झडप घालून तो काढून घेतला. पाणी मास्तरांच्या सदऱ्यावर सांडलं.

"अरे, वेडा झालास का?"

पेल्यात उरलेलं पाणी त्याने त्यांच्या नाकापुढे धरलं. "आधी याचा वास घ्या," तो म्हणाला, आणि दुसरा हात पुढे केला. "मग याचा."