बाहेरची कडी

त्यांचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक असेल तर शपथ. कुलपं दुरुस्त करायचं एवढंसं दुकान, वर दोन खोल्यांचं बिऱ्हाड आणि तोंडात सदानकदा 'तिकडे'. इथे वीज गेली की तिकडे वीज जातच नाही. दवाखान्यात रांग लागली की तिकडे डॉक्टर स्वतः उठून दारापर्यंत येतो. तिकडे बस वेळेवर सुटते, तिकडे साहेब आणि शिपाई एका टेबलावर जेवतात. म्हणून लहानथोर त्यांना 'तिकडचे काका' म्हणायचे. काकांनी स्वतः शहराची वेससुद्धा ओलांडली नव्हती, हा भाग वेगळा. आणि थोरला मुलगा परदेशात कामाला गेल्यावर तर विचारायलाच नको. किल्ली करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दोन देशांची तुलना ऐकल्याशिवाय सुटायचं नाही.

माणूस बढाईखोर खरा, पण धंद्यात एक नेम होता. माणसाला आत कोंडणारी कडी ते बसवत नसत. समोरच्या कापडवाल्याची म्हातारी आई भ्रमिष्ट झाली होती, उठून कुठेही चालू लागायची. तो एकदा दुकानात आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काका, तिच्या खोलीला बाहेरून कडी हवीय. आतून काही करता येणार नाही अशी."

"म्हणजे गोल डोक्याचे बोल्ट," काका म्हणाले. "आतल्या बाजूला नुसती गुळगुळीत डोकी. पेचकस लावायला खाचसुद्धा नाही. नट सगळे बाहेर. ज्या बाजूला नट, त्या बाजूचा माणूस मालक. येतं मला. बसवणार नाही."

"अहो, तिच्याच भल्यासाठी!"

"कोंडणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. तिकडे असं केलं तर पोलीस येतात, ठाऊक आहे?"

कापडवाला पाय आपटत निघून गेला आणि काका दिवसभर स्वतःवर खूश होते.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आता धाकटी लेक, तिला ते चिमणी म्हणायचे. चिमणी शिवणकामात हुशार. जो गोडबोल्या एजंट थोरल्याला घेऊन गेला, त्यानेच तिच्यासाठीही त्याच कारखान्यात काम बघितलं होतं. पासपोर्ट त्याने 'सांभाळायला' स्वतःकडे ठेवला होता. या आठवड्यात तिला निघायचं होतं. लहानपणापासून जेवताना 'तिकडे' ऐकत वाढलेली पोर ती. तिची बॅग कधीचीच भरून तयार होती.

थोरल्याचा फोन रविवारी यायचा, व्हिडिओवरून. खोली दिसायची, पांढरी, स्वच्छ. त्याच्या पाठीमागे दार, दारावर कायम वाळत घातलेला टॉवेल. काका तेवढ्या चौकटीवरून अख्खा देश पारखायचे. भिंतीला ओल नाही बघ. दिवा कसा लख्ख आहे बघ. पोरगा बारीक झालाय हे चिमणीच्या लक्षात आलं होतं, तर काका म्हणाले, तिकडे सगळे तब्येत राखून असतात.

त्या रविवारी दारावर टॉवेल नव्हता.

काकांची नजर आधी सवयीने कुलपाच्या जागी गेली. कुलूप नव्हतं. मूठही नव्हती. मुठीच्या जागी पत्र्याची पट्टी ठोकून भोक बुजवलेलं, आणि तिच्या वर चार गोल, गुळगुळीत डोकी.

काकांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "काय रे," ते जमेल तितकं सहज म्हणाले, "तुझ्या दाराची कडी कुठल्या बाजूला आहे?"

पोराने उत्तर द्यायच्या आधी फोनच्या पलीकडे, डावीकडे पाहिलं. मग हसला. जरा जास्तच वेळ हसला. "बाबा, इथे कडी लागतच नाही. इथे चोऱ्या होत नाहीत." पुन्हा डावीकडे पाहिलं. "चिमणीला लवकर पाठवा. इथे सगळं छान आहे."

आणि फोन बंद झाला. एरवी तो आधी चिमणीला चिडवायचा, मगच ठेवायचा.

काकांनी चिमणीला समोर बसवून सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता हसायलाच लागली. "बाबा, चार बोल्ट दिसले म्हणून तुम्ही मला थांबवणार? तुम्हीच सांगायचात ना, तिकडे माणसाला किंमत आहे म्हणून? आणि आता मी निघाले तर तिकडे तुरुंग?"

"मी काय पाहिलं होतं तेव्हा? तोंडाला येईल ते बोलायचो."

"मग आत्ताही तेच करताय." थोड्या वेळाने ती मऊ आवाजात म्हणाली, "एकटं राहायची भीती वाटतेय तुम्हाला. सरळ सांगा की."

काकांनी रोज समजावलं. चिडून पाहिलं, हात जोडून पाहिले. थोरल्याला फोन लावला तर तो उचलेना. एजंटला गाठलं, तर तो चहा मागवून म्हणाला, "काका, गल्लीला तिकडची गोष्ट सांगणारे तुम्ही, तुम्हीच घाबरलात?" गल्लीही हसली. आयुष्यभर वाजवलेला ढोल आता त्यांच्याच कानात घुमत होता, आणि नवं कुणी काही ऐकायलाच तयार नव्हतं.

निघायच्या दिवशी चिमणी सकाळी मैत्रिणींचा निरोप घ्यायला गेली. काकांनी दुकान बंद केलं, गिरमिट उचललं आणि वर आले. चिमणीच्या दारावर चार खुणा केल्या. भोकं नेहमीसारखी सरळ पडली.

दुपारी ती घाईघाईने आली आणि कपडे बदलायला खोलीत शिरली. रोजच्या दाराकडे कोण बघतं? तिने दार लोटलं आणि काकांनी बाहेरून कडी सरकवली.

"बाबा?" मग जोरात, "बाबा, काय करताय हे? उघडा!"

तिने दारावर लाथा मारल्या. जे तोंडाला आलं ते बोलली. काका दाराला पाठ लावून खाली बसून राहिले. तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला. ते खिडकीत गेले आणि ओरडले, "ती येणार नाही!"

एजंट गाडीतून उतरला. चिडला नाही, नेहमीसारखाच गोड हसला. "ठीक आहे काका. फक्त एक लक्षात ठेवा, थोरला आमच्याकडे आहे. तिच्या वाटचं कामही आता त्यालाच करावं लागेल." आणि गाडी निघून गेली.

चिमणीच्या खोलीची खिडकीही रस्त्यावरच होती, एजंटचा शब्द न् शब्द आत ऐकू गेला होता. आतल्या लाथा थांबल्या. मग दाराला अगदी चिकटून तिचा आवाज आला.

"बाबा, इथे चार गोल डोकी आहेत. दादाच्या दाराला अशीच होती?"

"हो गं."

"मी नखं लावून बघितली. काही होत नाही."

काकांनी कडी काढली. चिमणी उंबऱ्यात उभी होती, एक बोट अजून बोल्टवर. डोळे पुसले नव्हते. तिने विचारलं, "मग दादाचं दार कोण उघडणार?"

अख्ख्या गल्लीची कुलपं उघडलेला माणूस पाना घेऊन त्याच दाराचे नट सोडवू लागला.

पलीकडच्या खोलीत फोन वाजायला लागला. थोरल्याचा नंबर होता, आणि आज रविवार नव्हता.